कोणी न खेळलेल्या गेमचे संगीत

२०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ मधील गेमच्या संगीताचा समावेश केला. कोजी कोंडो यांची ती चाल कधीच कानावर पडलेली नाही असा शहरी माणूस सापडणे कठीण. आणि व्हिडिओ गेमच्या संगीताला त्या सूचीत मिळालेली ती पहिलीच जागा होती. बातमी वाचून बरे वाटले, तशी थोडी चुटपुटही लागली. कोंडो यांच्या योग्यतेबद्दल वाद नाही, परंतु गेमच्या संगीताकडे पाहण्याची आपली रीत त्या निवडीत जशीच्या तशी उतरली होती: जो गेम सर्वांनी खेळला, त्याचे संगीत थोर. ज्या गेमला दुकानात गिऱ्हाईक मिळाले नाही, किंवा जो इतका अवघड होता की पाच मिनिटांत मुलांनी तो बंद करून दुसरा लावला, त्याचे संगीत त्याच्याबरोबरच पुरले जाते.

यातला अन्याय आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळावा, कारण आपला अनुभव नेमका उलटा आहे. चित्रपट आठवडाभरात उतरतो, त्याची कथा पुढे कोणालाही आठवत नाही, आणि त्यातली गाणी मात्र पन्नास वर्षे आकाशवाणीवर वाजत राहतात. हे आपोआप घडलेले नाही. गाण्याची तबकडी वेगळी निघत असे, तिच्यावर संगीतकाराचे नाव छापलेले असे, आणि निवेदक ते नाव दर वेळी उच्चारत असे. म्हणजे गाण्याला चित्रपटाबाहेर स्वतःचा पत्ता होता. गेमच्या संगीताला असा पत्ता देण्याचे काम जपानने लवकर सुरू केले. नामको कंपनीच्या गेममधील संगीताची तबकडी हारुओमी होसोनो यांनी १९८४ मध्येच काढली, आणि कोइची सुगियामा यांचे 'ड्रॅगन क्वेस्ट'चे संगीत १९८७ मध्ये मैफलीत वाजले. जपानबाहेर मात्र त्या दशकांतील बहुतेक संगीत कॅसेटच्या आतच राहिले. (कार्ट्रिज या वस्तूला महाराष्ट्रातील मुले कॅसेटच म्हणत आणि या लेखापुरता मीही म्हणणार आहे.) माझे म्हणणे एवढेच आहे, की या संगीताला गेमपासून वेगळे आयुष्य मिळाले पाहिजे, आणि त्याच्या आड सर्वांत जास्त येते ती त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांची, म्हणजे आमचीच, स्मरणरंजनाची सवय.

स्मरण हा या बाबतीत किती कच्चा साक्षीदार आहे, हे मला स्वतःच्या उदाहरणावरून सांगता येईल. नव्वदच्या दशकात आमच्या घरात जो टीव्ही गेम होता, तो निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची नक्कल होता. घरातल्या मोठ्यांच्या लेखी त्यातून निघणारा प्रत्येक आवाज म्हणजे 'ती टुंईटुंई', आणि दुपारी आजोबा झोपले की पहिला हुकूम सुटे तो आवाज बंद करण्याचा. त्यामुळे 'काँट्रा' हा गेम मी जितका ऐकत खेळलो, त्याहून अधिक मुका खेळलो असेन. आवाज असे तेव्हाही तो टीव्हीच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून येई आणि खालचे स्वर त्यात जवळजवळ विरून जात. पुढे वीस-बावीस वर्षांनी हेडफोन लावून पहिल्या टप्प्याचे, जंगलातले, संगीत ऐकले, तेव्हा तळाशी एक बेस अखंड धावतो आहे आणि सगळी चाल त्याच्या खांद्यावर उभी आहे, हे प्रथमच लक्षात आले. हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा यांचे ते काम. त्यांची नावेही मला तेव्हाच कळली.

त्याहून चमत्कारिक गोष्ट नंतर समजली. मूळ जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रे दाखवणारे. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे ५० चित्रांचे. त्या पिढीच्या बहुतेक गेममध्ये संगीत पुढे सरकते ते पडद्यावरील चित्रांच्या ठेक्यावर. साहजिकच पाल पद्धतीच्या नकली यंत्रावर तेच संगीत सहाव्या हिश्शाने संथ वाजे. शिवाय अशा अनेक यंत्रांच्या नकली चिपमध्ये पल्स लहरीच्या, म्हणजे नुसत्या चालू-बंद होणाऱ्या चौकोनी लहरीच्या, दोन रुंदींची, २५ टक्के आणि ५० टक्के यांची, अदलाबदल झालेली असे. परिणामी जो स्वर मूळ रचनेत धारदार असायचा तो आमच्याकडे पोकळ, बासरीसारखा लागे आणि पोकळ असायचा तो नाकात बोले. 'आमच्या लहानपणीचे अस्सल संगीत' म्हणून आम्ही ज्याच्या आठवणीने गहिवरतो, ते माएझावा आणि सादा यांनी लिहिलेले नव्हतेच. तो एक पाठभेद होता. पाठभेदालाही महत्त्व असते, त्याचीही नोंद ठेवावी. परंतु एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शेजारच्या गावात कोणती ओवी लोकांना तोंडपाठ आहे हे पाहून नव्हे, आणि संगीताचा निवाडाही आमच्या गहिवराच्या आधारे होऊ नये.

निवाडा करायचा तर मूळ वाद्य समजून घ्यावे लागते. फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाजाचे पाच चॅनेल, म्हणजे एका वेळी एकच आवाज काढणारे पाच मार्ग, आहेत: दोन पल्स, एक ट्रायँगल (त्रिकोणी लहरीचा), एक खरखरीचा आणि एक अगदी ओबडधोबड ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. ट्रायँगलला लहान-मोठा आवाज हा प्रकारच नाही. तो वाजतो किंवा गप्प बसतो. गोळी सुटल्याचा, उडी मारल्याचा, शत्रू फुटल्याचा आवाजही याच पाचांतून काढायचा असल्यामुळे ऐन धुमश्चक्रीत संगीताचा एखादा चॅनेल क्षणभर काढून घेतला जातो आणि मग परत मिळतो. तेव्हा एक अवयव केव्हाही तुटला तरी चाल उभी राहील, अशी बांधणी रचनाकाराला आधीच करून ठेवावी लागे. एकाच वेळी तीन स्वरांची संगती वाजवायला चॅनेल पुरत नाहीत, म्हणून ते तीन स्वर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या अंतराने एकामागोमाग एक फिरवले जात आणि कान त्यांना एकत्र बांधून घेई. चाल एका पल्सवर ठेवून दुसऱ्या पल्सवर तीच किंचित उशिरा आणि हळू वाजवली, की घुमटात गायल्याचा भास होई. आणि हे सारे दीड-दोन मिनिटांच्या आवर्तनात बसवायचे, कारण जागा तेवढीच. पण ऐकणारा ते आवर्तन एका बैठकीत पन्नास वेळा ऐकणार. पन्नासाव्या वेळीही समेवर येताना कंटाळा वाटू नये, ही अट चित्रपटगीताच्या संगीतकारावर कधी नव्हती.

येथे एका लाडक्या विधानाला मी हरकत घेतो. 'साधने तुटपुंजी होती म्हणून संगीत उत्तम झाले', असे जुन्या गेमविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. तेच पाच चॅनेल शेकडो गेमच्या वाट्याला आले आणि त्यांतील पुष्कळांचे संगीत रटाळ आहे. चार मात्रांची एक फेरी, तिची दुसरी फेरी, की संपले. टंचाईने कलावंत घडत असते, तर दुष्काळी तालुक्यांत घरटी एक बालगंधर्व निघाला असता. चिपला श्रेय देताना आपण नकळत माणसाचे श्रेय कापतो, आणि या क्षेत्रात माणसाचे श्रेय मुळातच इतके कमी दिले गेले आहे की आणखी कापण्यासारखे फार उरलेले नाही.

माणूस म्हणजे, उदाहरणार्थ, टिम फॉलिन. हा इंग्रज संगीतकार पोरसवदा असतानाच झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी संगीत करू लागला. ४८ के स्पेक्ट्रमचा स्पीकर फक्त चालू किंवा बंद होऊ शकतो. त्याला दुसरे काहीच येत नाही. १९८७ च्या 'क्रोनोस'मध्ये फॉलिनने या एकाच उघडझाकीतून एकाच वेळी अनेक वाद्ये चालल्याचा आभास निर्माण केला. संगणकाचा सगळा प्रोसेसर त्या कामाला जुंपलेला असे, त्यामुळे संगीत वाजताना पडद्यावर फारसे काही हलवण्याची सोय नव्हती. पुढे तो फॅमिकॉमच्या पाश्चात्त्य अवताराकडे, म्हणजे एनईएसकडे, वळला आणि १९९० मध्ये त्याने 'सॉल्स्टिस' या गेमचे शीर्षकसंगीत केले. त्याची सुरुवात इतकी बालबोध आहे की हा माणूस आपली थट्टा करतो आहे असे वाटावे: शाळेच्या संमेलनात राजा प्रवेश करताना वाजावी तशी एक साधी तुतारीची चाल. काही सेकंद ती वाजते, आणि मग जणू भिंत पडून मागचे सभागृह उघडे व्हावे तसे संगीत फुटते. स्वरसंगतीचे तुकडे भोवऱ्यासारखे फिरू लागतात, वरचा स्वर मींड घेत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरतो, मध्येच कंप पावतो, आणि हे नक्की किती वाद्यांचे काम आहे याचा हिशेब लागेनासा होतो. प्रोग्रेसिव्ह रॉकची छाप त्यावर उघड आहे, परंतु एखाद्या बँडची नक्कल केल्यासारखे ते कोठेही वाटत नाही; पल्स लहरीची कर्कशता झाकण्याऐवजी ती तो गायकीच्या धारेसारखी वापरतो.

फॉलिनचे नशीब मात्र पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षीचा 'सिल्व्हर सर्फर' हा गेम त्याच्या काठिण्यासाठी कुप्रसिद्ध झाला. नायकाचा भिंतीला नुसता स्पर्श झाला तरी तो मरतो. त्यातील संगीत टिम आणि त्याचा भाऊ जेफ यांनी जीव ओतून केले, आणि खेळणारा बिचारा ते अर्धे ऐकून होण्याआधीच संपलेला असे. 'पिक्शनरी' तर चित्र काढून ओळखायला लावण्याच्या बैठ्या खेळाची आवृत्ती. तिला जे उसळते, घाम फोडणारे संगीत त्याने दिले आहे, ते ऐकले की लग्नाच्या पंगतीत कोणी युद्धाचा नगारा वाजवल्यासारखे वाटते. ही रचना गेमला शोभते का, असे विचारले तर मी प्रामाणिकपणे नाही म्हणेन. ती गेमपासून सोडवून स्वतंत्र ऐकली पाहिजे, या माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा कोणता?

जपानच्या सनसॉफ्ट कंपनीतील नाओकी कोदाका यांचे काम वेगळ्या जातीचे. ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा जो पाचवा चॅनेल इतर लोक एखाद्या ढोलासाठी किंवा आरोळीसाठी वापरत, त्यावर कोदाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेस गिटारचे स्वर बसवले. त्या चॅनेलला स्वर वाजवण्याचे मोजके १६ वेग आहेत आणि ते सुरांच्या पट्टीत नीट बसत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या सुरांतले तुकडे साठवून ही अडचण पार करावी लागे. त्यामुळे बेसच्या कामातून मोकळा झालेला ट्रायँगल तालवाद्याकडे वळवता आला. १९९० च्या 'जर्नी टू सिलियस'मध्ये हा बेस ऐकू येतो. हा गेम मूळचा 'टर्मिनेटर' चित्रपटावर बेतलेला होता, परवाना हातचा गेल्यावर कथा बदलून तो बाजारात आला आणि फारसा चालला नाही. त्याचे संगीत मी अशा माणसांना ऐकवले आहे ज्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही, आणि त्यांची मान दुसऱ्या आवर्तनापर्यंत डोलू लागते.

त्याच कंपनीच्या १९९२ मधील 'गिमिक!'साठी मासाशी कागेयामा यांनी संगीत केले. या कॅसेटमध्ये तीन जादा चॅनेल देणारी वेगळी चिप होती. युरोपात हा गेम केवळ स्कँडिनेव्हियात निघाला, तोही त्या चिपच्या आवाजाशिवाय, म्हणजे संगीताचा एक थर खरवडून काढलेला. कोनामीच्या 'कॅसलव्हेनिया' मालिकेतील तिसऱ्या गेमचे असेच झाले. १९८९ च्या जपानी आवृत्तीत तीन जादा चॅनेल होते आणि माएझावा हे त्याही संगीतकारांपैकी एक. अमेरिकी यंत्राच्या खाचेत कॅसेटमधील जादा आवाज आत घेण्याची सोय नसल्याने तिकडे त्याच रचना पाच चॅनेलमध्ये कोंबाव्या लागल्या. पाश्चात्त्य देशांत वाढलेल्या एका पिढीला तीच आवृत्ती मूळ वाटत आली. आम्ही संथ आवृत्तीवर वाढलो, ते छाटलेल्या आवृत्तीवर.

आता नावांचा प्रश्न. १९८६ च्या पहिल्या 'कॅसलव्हेनिया'चे संगीत किनुयो यामाशिता यांनी केले. गेमच्या अखेरच्या नामावलीत संगीतकार म्हणून नाव आहे 'जेम्स बनाना', भयपटांचे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नावावर केलेली कोटी. कॅपकॉमच्या 'मेगामॅन'मध्ये मानामी मात्सुमाए यांना 'चान्चाकोरिन मानामी' व्हावे लागले आणि 'मेगामॅन २'चे ताकाशी तातेइशी 'ओगेरेत्सु कुन', म्हणजे साधारण 'श्रीयुत गावंढळ', या नावाने पडद्यावर आले. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी गुणी माणसे पळवू नयेत म्हणून हा रिवाज होता. यात बायकांची संख्या किती मोठी आहे हेही या टोपणनावांमुळे झाकले गेले: यामाशिता, मात्सुमाए, 'ग्रेडियस'च्या मिकी हिगाशिनो, 'स्ट्रीट फायटर २'च्या योको शिमोमुरा. १९४९ च्या 'महल'मधील गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकर यांच्याऐवजी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले होते, ही गोष्ट आपल्याकडे शेकडो वेळा सांगितली गेली आहे. ती अपवाद ठरली आणि लवकरच सुधारली गेली, म्हणून आपण ती हसत सांगतो. गेमच्या क्षेत्रात तो नियम होता.

नावाने काय फरक पडतो, हे युझो कोशिरो यांच्याकडे पाहून कळते. १९९१ च्या 'स्ट्रीट्स ऑफ रेज'च्या पहिल्याच पडद्यावर संगीताचे हक्क त्यांच्या नावे असल्याचे लिहिलेले आहे. त्यांचे चाहते आज ते संगीत कोशिरो यांचे म्हणून ऐकतात, त्या गेमचे म्हणून नव्हे. आणि त्यामुळेच त्यांची इतर, कमी खपलेल्या गेममधील कामेही शोधून ऐकली जातात. एवढे उदाहरण समोर असताना निन्टेन्डोने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या जुन्या-नव्या संगीताचे स्वतंत्र ॲप सुरू केले, तेव्हा त्यात रचनांसोबत संगीतकारांची नावे दिलेली नव्हती. वेगळा पत्ता मिळाला, पण पाटी कोरी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही: हा आवाज कानाला टोचतो. टोचतो खरा. सलग तासभर पल्स लहरी ऐकल्यावर माझेही डोके उठते. परंतु वाद्याचा पोत आणि रचनेचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण पेटीच्या बाबतीत चांगलेच अनुभवले आहे. श्रुती लागत नाहीत, मींड येत नाही, या कारणांवरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दारातच उभे केले होते. त्या तीस वर्षांत पेटीवर बोटे फिरवणारे थोर कलावंत महाराष्ट्रात कमी नव्हते. या आक्षेपावरचा हल्लीचा तोडगा म्हणजे तेच संगीत पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेणे. २०२१ मध्ये तोक्यो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते 'ड्रॅगन क्वेस्ट', 'फायनल फँटसी' अशा गेममधील संगीताच्या वाद्यवृंदी रूपावर. सुगियामा यांच्यासारख्या वाद्यवृंद डोक्यात ठेवून लिहिणाऱ्याला ते मानवते. पण 'सॉल्स्टिस' साठ व्हायोलिनांकडून वाजवून घेतले, तर त्यातील अर्धी गंमत जाईल, कारण ती गंमतच लहरीच्या रुंदीत आणि साठाव्या भागाच्या फिरकीत आहे. लावणी चांगली आहे हे सिद्ध करायला ती ऑपेराच्या आवाजात गावी लागू नये.

जतनाच्या दृष्टीने या संगीताचा आणखी एक पेच आहे. त्याचे मूळ ध्वनिमुद्रण अस्तित्वातच नसते. कॅसेटमध्ये असतो तो प्रोग्राम; यंत्र चालू केले की चिप दर वेळी ती रचना नव्याने वाजवते. म्हणून मूळ रचना जपायची तर प्रोग्राम आणि चिपचे अचूक वर्तन, दोन्ही जपावे लागते, आणि तेथे कायदा आडवा येतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. असे गेम ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना संशोधकांसाठी घरबसल्या उपलब्ध करून देता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. विकायचे नाही आणि अभ्यासूला ऐकूही द्यायचे नाही, या धोरणातून हक्कधारकाच्या पदरात नेमके काय पडते, हे मला आजवर उमगलेले नाही. याउलट कमोडोर ६४ या संगणकाच्या तीन आवाजांच्या चिपसाठी लिहिलेल्या रचना हौशी लोकांनी 'हाय व्होल्टेज सिड कलेक्शन' या संग्रहात गोळा केल्या. त्यात ५०,०००हून अधिक रचना आहेत आणि रचनाकाराचे नाव शोधून लावण्यावर त्यांचा सारा भर आहे. हे काम पगारी संस्थांनी करायला हवे होते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभे राहिले, तोवर भारतातील बहुतेक मूकपट नष्ट झालेले होते, याची आठवण महाराष्ट्रात तरी कोणाला करून द्यावी लागू नये.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ गेली चाळीस वर्षे पेटी शिकवतात. गेम या शब्दाशी त्यांचा संबंध नातवाला रागावण्यापुरता. मागे एकदा त्यांच्याकडे गेलो असताना काही न सांगता 'जर्नी टू सिलियस'मधील एक रचना त्यांना ऐकवली. दुसऱ्या आवर्तनाला त्यांनी बोटांनी मांडीवर ठेका धरला, मग हात थांबवून म्हणाले, "बांधणी पक्की आहे. कोणाची?" मी कोदाका यांचे नाव सांगितले, त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले. उत्साहाच्या भरात मी पुढची रचना लावली. लहानपणीच्या त्या शंभर गेमच्या पिवळ्या कॅसेटमधली, ज्यात प्रत्येक गेमचे शीर्षक आणि नामावली कापून टाकलेली असे. ती त्यांना अधिक आवडली. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि मी फोनकडे पाहत राहिलो.